पंधरा दिवसांचा हंगाम

२९ जून २०२५ रोजी अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झचा ४१-० असा धुव्वा उडवला आणि रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम संपला. सुरू झाला होता १५ जूनला. सहा संघ, चौतीस सामने, एकच मैदान आणि अवघे पंधरा दिवस. बदलापूरच्या बेलवलीतल्या एखाद्या मुलाला हे सामने बघायचे असते, तर बदलापूरहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने आझादनगर आणि पुढे पायी, एवढाच प्रवास. फ्रँचायझींची देशातली ही पहिली रग्बी लीग थेट आपल्या लोकलच्या टप्प्यात येऊन गेली. तरीही बदलापूर-अंबरनाथच्या नाक्यावर त्या पंधरवड्यात रग्बीची चर्चा क्वचितच झाली असेल.

यात प्रेक्षकांचा दोष नाही. रग्बी म्हणजे नेमकं काय, हेच आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. अंडाकृती चेंडू, धिप्पाड माणसं आणि चिखल, इतकंच चित्र डोळ्यांसमोर येतं. खेळाचा गाभा मात्र एका वाक्यात सांगता येतो: चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. हाताने पुढे फेकायला मनाई. समोरचे तुम्हाला धरून पाडणार, म्हणजेच ‘टॅकल’ करणार, आणि त्यांना चुकवत चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवला की ‘ट्राय’ होतो. पुढे जायचं असेल तर चेंडू मागे द्यावा लागतो, या एकाच अटीमुळे खेळात सगळी गंमत येते. एकटा कितीही बलवान असला तरी दहा पावलांत पाडला जातो. मागून येणाऱ्या सोबत्यांवर विसंबल्याशिवाय कोणाचंच चालत नाही.

रग्बीची दोन घराणी आहेत, आणि ती फुटली पैशांवरून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा खेळ मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांतून बाहेर पडला आणि उत्तरेकडच्या यॉर्कशायर-लँकशायरच्या गिरण्यांत आणि कोळसा खाणींत पोहोचला. कामगार शनिवारी अर्धा दिवस काम करत. सामन्यासाठी सुट्टी घेतली की मजुरी बुडायची. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या धुरिणांना ती मान्य नव्हती. खेळासाठी पैसे घेणं त्यांच्या लेखी कमीपणाचं होतं, कारण त्यांच्या घरची चूल खेळाडूच्या शनिवारवर अवलंबून नव्हती. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. त्यांचा खेळ पुढे ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. जुनं घराणं ‘रग्बी युनियन’ म्हणून राहिलं आणि त्याने खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला १९९५ साल उजाडलं. मधे बरोबर शंभर वर्षं गेली. गिरणगावच्या मातीत कबड्डी आणि खो-खो कसे रुजले हे ज्याला माहीत आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

वेगळं झाल्यावर लीगवाल्यांनी नियमही बदलले. तिकिटाच्या पैशांवर क्लब चालवायचा तर खेळ वेगवान हवा, प्रेक्षकाला चेंडू दिसायला हवा. १९०६ साली त्यांनी पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. पुढच्या काळात आला सहा टॅकलचा नियम, आणि आज लीगची सगळी नाडी त्यातच आहे.

हा नियम जरा जवळून बघण्यासारखा आहे. चेंडू घेऊन एक गडी समोरच्या भिंतीवर धडकतो. दोघे-तिघे त्याला कमरेला, मांड्यांना मिठी मारून खाली आणतात. पंच ‘एक’ मोजतो. पडलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि टाचेने मागे सरकवतो. मागे वाकून उभा असलेला सोबती तो उचलून पास देतो. एवढ्या वेळात बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे हटावं लागतं आणि लगेच पुन्हा पुढे धावून यावं लागतं. दुसरा टॅकल, तिसरा, चौथा. पाचव्यानंतर चेंडू शक्यतो लाथेने उंच किंवा दूर मारला जातो, कारण सहाव्यांदा चेंडूसह पकडले गेलात की तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. तीस सेकंदांच्या चढाईत गुण आणा नाहीतर परत या, हा कबड्डीतला तगादा ज्याने अनुभवलाय त्याला ही सहाची मोजणी सामना बघताना लगेच कळेल. ऐंशी मिनिटं हे चालतं. ट्रायला चार गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन.

या खेळाची जगातली सगळ्यात मोठी लीग ऑस्ट्रेलियात आहे, नॅशनल रग्बी लीग. सिडनीतली स्पर्धा १९०८ पासून चालत आलेली. आजच्या रूपातली लीग १९९८ पासूनची. सतरा संघ आहेत, त्यांतला एक न्यूझीलंडचा. मार्चच्या सुरुवातीला हंगाम सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीत अंतिम सामना होतो. सत्तावीस आठवड्यांत प्रत्येक संघ चोवीस सामने खेळतो. तीन आठवडे सुट्टीचे. मधेच क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची तीन सामन्यांची झुंज असते, ‘स्टेट ऑफ ओरिजिन’. तिच्यासाठी क्लबचे नावाजलेले खेळाडू निघून जातात आणि तेवढ्या दिवसांत राखीव पोरांना संधी मिळते. गुणतक्त्यातले पहिले आठ बाद फेरीत जातात. पहिल्या चारांना एक पराभव माफ असतो, पाचव्या ते आठव्या क्रमांकाला नसतो.

इतका लांब हंगाम असला की त्यात चढउतार येतात, आणि लोक त्यासाठीच जीव टाकतात. २०२५ चंच बघा. आधीची चार वर्षं सलग विजेता असलेला पेनरिथ पँथर्स हा संघ सुरुवातीला असा कोसळला की हंगाम निम्म्यावर येत असताना तो तळाला होता. तिथून चढत चढत त्याने सातवा क्रमांक गाठला आणि उपांत्य सामन्यापर्यंत मजल मारली. तिथे ब्रिस्बेन ब्रॉन्कोजविरुद्ध १४-० अशी आघाडी घेऊन पेनरिथ १६-१४ ने हरला. पुढे ५ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात ब्रॉन्कोज मध्यंतराला मेलबर्न स्टॉर्मच्या १२-२२ असे मागे होते. त्यांनी तो सामना २६-२२ ने जिंकला. २००६ नंतरचं त्यांचं हे पहिलंच विजेतेपद. एकोणीस वर्षं त्या शहरातले लोक मैदानावर येत राहिले होते.

पेनरिथबद्दल बदलापूरकरांनी तर आवर्जून वाचायला हवं. सिडनीच्या मध्यापासून पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला, लोकल गाडीच्या मार्गावर, नेपियन नदीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे उपनगर. शहरात कामाला जाणाऱ्यांची वस्ती. मुंबई सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवरचं, उल्हास नदीच्या काठचं, चंदेरीचा डोंगर समोर दिसणारं बदलापूर डोळ्यांसमोर आणलं की नकाशा सहज जुळतो. या पेनरिथचा क्लब १९६७ मध्ये मोठ्या स्पर्धेत आला. पहिलं विजेतेपद १९९१ मध्ये, दुसरं २००३ मध्ये. आणि मग २०२१ ते २०२४, सलग चार. २०२३ च्या अंतिम सामन्यात तर ते ८-२४ असे मागे पडूनही २६-२४ ने जिंकले.

हे पैशांच्या जोरावर झालं नाही. होऊच शकत नव्हतं. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये प्रत्येक क्लबने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. श्रीमंत क्लबला सगळे तारे विकत घेता येत नाहीत. मग जिंकायचं कसं? पोरं घडवून. पेनरिथच्या पंखाखाली आसपासच्या उपनगरांतल्या बालसंघांचं मोठं जाळं आहे. जरोम लुआई, ब्रायन टोओ आणि स्टीफन क्रायटन हे तिघे माउंट ड्रुइट या जवळच्याच कष्टकरी वस्तीत, प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या कुटुंबांत वाढले. लहानपणापासून एकत्र खेळलेली ही पोरं पुढे देशातल्या सर्वोच्च लीगचे विजेते झाली. पगाराच्या मर्यादेमुळे क्रायटन आणि लुआई नंतर दुसऱ्या क्लबांत गेले. त्यांच्या जागी खालून नवी पोरं आली. मोठा हंगाम असा खालच्या छोट्या हंगामांवर उभा असतो. शनिवारी सकाळी आठ वर्षांच्या मुलांचा सामना, दुपारी सोळा वर्षांच्यांचा, आणि संध्याकाळी आईबापांसह सगळे मोठ्या संघाचा सामना बघायला.

आता आपल्या लीगकडे वळू. रग्बी प्रीमियर लीग ही तेरा जणांच्या खेळाची नव्हे, रग्बी युनियन घराण्यातल्या सात जणांच्या खेळाची लीग आहे. ‘सेव्हन्स’ हा प्रकार २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. मैदान पूर्ण आकाराचं आणि माणसं मात्र निम्मी, त्यामुळे मोकळी जागा भरपूर आणि वेग प्रचंड. एरवी सात-सात मिनिटांचे दोन भाग असतात. आपल्या लीगने चार-चार मिनिटांचे चार भाग केले, म्हणजे सोळा मिनिटांत सामना खलास. ट्रायला पाच गुण. त्यानंतरची किक चेंडू हातातून सोडून, तो जमिनीवर टेकताक्षणी मारायची.

रग्बी इंडिया ही राष्ट्रीय संघटना आणि जीएमआर समूह यांनी मिळून ही स्पर्धा उभी केली. बंगळुरू ब्रेव्हहार्ट्स, चेन्नई बुल्स, दिल्ली रेड्झ, हैदराबाद हीरोज, कलिंगा ब्लॅक टायगर्स आणि मुंबई ड्रीमर्स असे सहा संघ झाले. जगभरातले नामांकित सेव्हन्स खेळाडू आणि प्रशिक्षक आले. प्रत्येक संघात तेरा जण, त्यांत भारतीय पाच. आंतरराष्ट्रीय मैदान गाजवलेल्या माणसाबरोबर एका संघात सराव करणं, त्याच्याकडून पास झेलणं, हा अनुभव भारतीय पोरांना याआधी मिळणं अवघड होतं. या एका गोष्टीसाठीही लीगचं मनापासून स्वागत करायला हवं.

पण सगळे सामने एकाच मैदानावर झाले. चेन्नईचा संघ चेन्नईत खेळला नाही, कलिंगाचा ओडिशात नाही. मुंबई ड्रीमर्सला घरचं मैदान मिळालं, पण अंतिम सामन्यात तो संघ नव्हता. पंधरा दिवसांत संघाशी नातं जुळत नाही. खेळाडूंची नावं तोंडात बसेपर्यंत करंडक दिला जातो. दूरचित्रवाणीसाठी हे सोयीचं आहे, खर्चही आटोक्यात राहतो आणि पहिल्या वर्षी तसं करणं समजण्यासारखं आहे. तरीही याला हंगाम म्हणायचं की स्पर्धा, याचं उत्तर लीगच्या चालकांना लवकरच द्यावं लागेल.

मुंबईला रग्बी नवी नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. हिंदुस्थानात हा खेळ दीडशे वर्षांहून जुना आहे. कलकत्त्याचा इंग्रजांचा क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे २७० रुपये काढले, ते वितळवले आणि त्याचा चषक घडवून इंग्लंडला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या ‘कलकत्ता चषका’साठी खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी पावसाळ्यात रंगत आली आहे, कारण जमीन मऊ झाली की पडलं तरी कमी लागतं. याच मैदानावर पुढे मोठा बदल घडला. जिमखान्यात रग्बी खेळणारे मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या फॅशन स्ट्रीटच्या पदपथावर राहणाऱ्या पोरांना खेळायला बोलावलं. त्या पोरांच्या वागण्यात, आत्मविश्वासात झालेला फरक बघून १९९९ मध्ये त्यांनी ‘मॅजिक बस’ ही संस्था सुरू केली. देशातल्या लाखो मुलांपर्यंत पोहोचलेल्या या संस्थेची सुरुवात रग्बीच्या चेंडूने झाली. रग्बी इंडियाचे अध्यक्ष, अभिनेते राहुल बोस हेही बॉम्बे जिमखान्याचेच. १९९८ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला, तेव्हा ते त्या संघात होते.

महाराष्ट्राच्या मुलींनी तर या खेळात फार लवकर उडी घेतली. २००९ मध्ये भारतीय महिला संघ पहिल्यांदा सेव्हन्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळला. त्या पहिल्या पिढीत पुण्याच्या नेहा परदेशी आणि वाहबिझ भरुचा होत्या. वाहबिझने पुढे भारताचं कर्णधारपद सांभाळलं. जून २०१९ मध्ये मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला तो भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. इतकं असूनही लीगच्या पहिल्या हंगामातले सहाही संघ पुरुषांचे होते. मुलींचे संघ व्हायलाच हवेत, आणि तेही लवकर.

प्रो कबड्डी लीगने काय वेगळं केलं होतं? २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत ती सुरू झाली, तेव्हा आठ संघ होते आणि पहिला हंगाम महिनाभरापेक्षा थोडा जास्त चालला. पण संघ शहरोशहरी फिरले, पुण्याचा संघ पुण्यात खेळला. दहाव्या हंगामापर्यंत बारा संघ, बारा शहरं आणि तीन महिने, असा पसारा वाढला. त्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. लाखो लोकांनी हे सामने पाहिले ते केवळ प्रकाशझोत आणि चकचकीत मॅटमुळे नव्हे. चढाई, पकड, बोनस या गोष्टी त्यांच्या अंगात होत्या. गावोगावची मंडळं, व्यायामशाळा, जत्रेतले रात्रीचे सामने, शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्यांनी आयुष्यभर केलेली संघटनेची उस्तवार, हे सगळं लीगच्या आधी कित्येक दशकं उभं होतं. लीगने त्यावर कळस चढवला. रग्बीच्या बाबतीत आपण कळस आधी आणलाय, पाया अजून खणायचाय.

आणि पाया खणायला बेलवलीसारखी जागा उत्तम आहे. बदलापूर पश्चिमेचं हे जुनं गाव आता शहरात मिसळून गेलंय. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती, आणि त्यानंतर उभे राहिलेले टॉवर बघितले की आजचा आकडा किती पुढे गेला असेल याचा अंदाज येतो. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात कबड्डीत तयार झालेली पोरं आहेत. घोट्याला झडप घालणारा कोपरारक्षक आणि कमरेला कवळ घालणारा मध्यरक्षक यांना रग्बीचा टॅकल शिकवायला वेळ लागणार नाही. वेळ लागेल तो पळत असताना मागे पास द्यायची सवय लावायला. पावसाळ्यात, जेव्हा क्रिकेटची खेळपट्टी झाकून ठेवावी लागते, तेव्हा रग्बीला ऊत येतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदानं रिकामी असतात. तोच या खेळाचा काळ.

आईवडिलांची भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. रग्बीत दुखापती होतात, डोक्याच्याही. म्हणूनच खांद्याच्या वर टॅकल करायला सक्त मनाई आहे. डोक्याला धक्का देणारा खेळाडू दहा मिनिटांसाठी किंवा कायमचा बाहेर जातो. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की किमान अकरा दिवस सक्तीची विश्रांती आहे. लहान मुलांसाठी तर टॅकल नसलेली रग्बी आहे: प्रतिस्पर्ध्याला नुसता हात लावायचा, किंवा कमरेला अडकवलेली फीत ओढायची. एक चेंडू, चार कोपऱ्यांत चार खुणा आणि ओली हिरवळ असली की सामना सुरू. मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात.

कमतरता आहे ती मैदानाची. विकास आराखड्यात खेळासाठी राखून ठेवलेल्या जागा मोकळ्या राहिल्या, तर पुढचं सगळं जमेल. नगरपरिषदेने पावसाळ्यापुरतं एक मैदान या खेळाला द्यावं. मुंबई ड्रीमर्सच्या चालकांनी दोन प्रशिक्षक आठवड्यातून एकदा बदलापूरला पाठवावेत आणि कर्जत मार्गावरच्या शाळांची एक छोटी स्पर्धा भरवावी. जूनमधल्या पंधरा दिवसांसाठी नव्हे, शाळा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत, दर शनिवारी. आणि बेलवलीतल्या कबड्डी मंडळांनी यंदाच्या पावसात एक अंडाकृती चेंडू विकत आणावा. तो पोरांच्या हाती द्यावा, फक्त मागे पास द्यायचा एवढा एकच नियम सांगावा आणि त्यांना पळू द्यावं.